साहेब बदलतात, चौकी तिथेच असते

मुंबई असो, पुणे असो की नागपूर, नव्या पोलीस आयुक्तांची नेमणूक झाली की आपल्या मोबाइलवर दोन प्रश्न फिरू लागतात. हे साहेब कुठले? आणि आपल्याबद्दल यांचं मत काय? आडनावावरून जात, धर्म, पक्ष असा अंदाज बांधला जातो. कुणी म्हणतं, "माणूस कडक आहे." कुणी म्हणतं, "आपल्यासाठी बरा आहे." मग आपण निश्चिंत होतो किंवा धास्तावतो, आणि दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली की हेच पुन्हा सुरू होतं.

या सवयीकडे नीट पाहायचं तर एका आयुक्ताचं आयुष्य समोर ठेवायला हवं. ज्युलिओ रिबेरो. आपल्यापैकी अनेकांच्या जन्माआधीच ते सेवेतून बाहेर पडले होते, पण आई-वडिलांना विचाराल तर नाव लगेच ओळखतील. मुंबई, गुजरात आणि पंजाब या तिन्ही ठिकाणी सर्वांत कठीण काळात पोलिसांची सूत्रं ज्यांच्या हाती दिली गेली, असा हा अधिकारी. जन्म १९२९ चा, मुंबईतला. कुटुंब मूळ गोव्याचं. धर्माने ख्रिस्ती, म्हणजे आपल्यासारखेच अल्पसंख्याक. १९५३ मध्ये ते भारतीय पोलीस सेवेत आले.

१९८२ च्या सुरुवातीला रिबेरो मुंबईचे पोलीस आयुक्त झाले, तेव्हा शहर आतून खदखदत होतं. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता आणि लाखो घरांतले पगार थांबले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खुद्द पोलीस शिपायांनी बंड केलं. कामाचे तास, घरं, वरिष्ठांची वागणूक, संघटनेचा हक्क अशी त्यांची गाऱ्हाणी होती. स्वातंत्र्यदिनी त्यांनी काळ्या फिती लावल्या. सरकारने संघटनेच्या नेत्यांवर कारवाई केली आणि १८ ऑगस्टला शहरात दंगल उसळली. शेवटी लष्कर बोलवावं लागलं, संघटनेची मान्यता गेली, शिपायांना बडतर्फ केलं गेलं. आयुक्त म्हणून हे बंड मोडून काढण्याची जबाबदारी रिबेरोंवर होती आणि त्यांनी ती पार पाडली.

हा प्रसंग आपण सहसा आठवत नाही, पण आठवायला हवा. आपल्या मोहल्ल्याच्या तोंडाशी काठी घेऊन उभा असलेला माणूस आपल्याला फक्त वर्दी म्हणून दिसतो. तो सलग बारा-बारा तास उभा असतो, त्याचं घर दहा बाय बाराच्या खोलीत असतं आणि तक्रार करायला त्याला संघटनाही नाही. त्याच्या अन्यायाला हे निमित्त ठरू शकत नाही. पण ज्या यंत्रणेशी आपल्याला झगडायचं आहे, ती तळाशी कशी चालते हे कळल्याशिवाय तो झगडा नेमका होणार नाही.

मे १९८४ मध्ये भिवंडी पेटली. दंगल ठाणे आणि मुंबईपर्यंत आली आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. भिवंडी मुंबई आयुक्तांच्या हद्दीत नव्हती, पण मुंबई होती, आणि आयुक्त रिबेरोच होते. प्रामाणिकपणाबद्दल विरोधकांनीही ज्यांच्यावर कधी बोट ठेवलं नाही, असा अधिकारी. स्वतः अल्पसंख्याक. तरीही दंगल झाली. वर चांगला माणूस बसला की खाली सगळं आपोआप ठीक होतं, हा समज इथेच तपासून घ्यावा.

पुढचा टप्पा मुंबईबाहेरचा. १९८५ मध्ये गुजरातेत आरक्षणविरोधी आंदोलनाला जातीय दंगलीचं वळण लागलं होतं आणि पोलीस दलाची शिस्त ढासळली होती. रिबेरोंना तिथे पोलीस महासंचालक म्हणून पाठवलं गेलं. १९८६ मध्ये ते पंजाबचे महासंचालक झाले. खलिस्तानी दहशतवाद ऐन भरात होता. 'गोळीला गोळी' हे शब्द त्या काळात त्यांच्या नावाला चिकटले. ते शब्द आपले नसून तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री अरुण नेहरू यांचे होते, असं रिबेरो पुढे सांगत आले. पण आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ते तेच. ऑक्टोबर १९८६ मध्ये जालंधरच्या पोलीस मुख्यालयातच पोलिसांच्या वेशात आलेल्या अतिरेक्यांनी त्यांच्यावर गोळीबार केला. ते जखमी झाले, वाचले आणि कामावर परतले. १९८७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

पंजाबचा हा भाग आपण कसा वाचायचा? सोयीपुरता वाचून चालणार नाही. त्या काळात पंजाब पोलिसांवर बनावट चकमकींचे आणि बेकायदा कोठड्यांचे आरोप झाले, आणि पुढच्या वर्षांत ते कितीतरी वाढले. शीख तरुण घरातून उचलले गेले आणि परतले नाहीत, अशा कहाण्या तिथल्या गावागावांत आहेत. 'गोळीला गोळी' ही भाषा एकदा राज्यकारभाराची भाषा झाली की ती एका राज्यापुरती किंवा एका समाजापुरती राहत नाही. नव्वदच्या दशकात मुंबईत 'चकमकफेम' अधिकारी नायक झाले. सिनेमांनी त्यांना डोक्यावर घेतलं. थिएटरात शिट्टी वाजवणाऱ्यांत आपली पोरंही होती. मेलेला माणूस गुंडच होता, हे कोर्टात सिद्ध करायची गरज कुणालाच वाटत नव्हती. आज आपल्यातल्या एखाद्याला तसाच शिक्का मारून मारलं जातं, तेव्हा आपण कायद्याची भाषा बोलतो. ती भाषा पंजाबमधल्या शीख तरुणासाठीही बोलता यायला हवी आणि दगडी चाळीतल्या पोरासाठीही. ज्याला इन्साफ फक्त आपल्यासाठी हवा असतो, तो खरं तर मेहरबानी मागत असतो. रिबेरोंनी स्वतः निवृत्तीनंतर बनावट चकमकींच्या विरोधात वृत्तपत्रांतून लिहिलं, हेही नोंदवायला हवं. पंजाबचा हिशेब त्यामुळे मिटत नाही, पण त्या मार्गाला आपलं समर्थन नाही हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं.

नंतर रिबेरो रोमानियात भारताचे राजदूत म्हणून गेले. ऑगस्ट १९९१ मध्ये बुखारेस्टच्या रस्त्यावर त्यांच्यावर पुन्हा हल्ला झाला आणि ते पुन्हा बचावले. ते तिकडे असतानाच डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये त्यांचं शहर जळलं.

त्या दंगलींबद्दल घरात ऐकलेलं आपल्या प्रत्येकाकडे काही ना काही आहे. कागदावरचे आकडेही पाठ हवेत. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने मृतांची संख्या ९०० दिली: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ इतर. फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झालेल्या अहवालाने पोलिसांच्या मनातल्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहावर स्पष्ट बोट ठेवलं आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. त्यानंतरची कारवाई अगदीच तोकडी ठरली. नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने कायदा व सुव्यवस्था राखण्यात राज्य अपयशी ठरल्याचं म्हटलं आणि बेपत्ता माणसांच्या कुटुंबांना भरपाई देण्याचा विषय पुन्हा हाती घ्यायला लावला. तीस वर्षं! त्या घरांतली तेव्हाची लहान मुलं आज चाळिशीत असतील.

रिबेरोंच्या आयुष्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते काम इथून सुरू झालं. तेव्हा त्यांच्या अंगावर वर्दी नव्हती, हातात अधिकार नव्हता, मागे फौजफाटा नव्हता. १९९३ च्या अखेरीस सतीश साहनी मुंबईचे आयुक्त झाले. साहनी, रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने १९९४ पासून मुंबईत मोहल्ला कमिट्या उभ्या राहू लागल्या. पोलीस ठाण्याच्या हद्दीतले हिंदू, मुस्लिम आणि इतर रहिवासी आणि त्याच ठाण्याचे पोलीस यांनी नियमितपणे एकत्र बसायचं, इतकीच साधी कल्पना. त्या वेळी ती साधी नव्हती. दंगलीत ज्यांच्या गोळीने घरातला माणूस गेला, त्यांच्याच शेजारी खुर्ची टाकून बसायचं होतं. अनेक मुस्लिम घरांना हा विचारही नको होता, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

या कल्पनेचं मूळ भिवंडीत होतं. १९७० आणि १९८४ अशा दोन मोठ्या दंगली सोसलेल्या या यंत्रमागांच्या गावात पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मोहल्ला कमिट्यांचा प्रयोग केला. त्यातली कळीची गोष्ट अशी की, तो प्रयोग आयुक्तांच्या दालनात घडला नाही. ठाण्याचे खालच्या पातळीवरचे पोलीस आणि गल्लीतली सामान्य माणसं यांना त्यांनी एकत्र बसवलं. नेते, पुढारी, मौलाना आणि महंत यांच्यापुरतीच ती बैठक राहिली नाही. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ज्या गावाचं नाव घेतलं की दंगल आठवायची, त्या गावात. मुंबईने पुढे जे उचललं ते हेच.

धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी याच वाटेवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्यावर 'नाता' नावाचा माहितीपटही झाला. मुंबईच्या कमिट्यांनी शांततेसाठी क्रिकेटचे सामने भरवले, त्यात मोहल्ल्यातली पोरं आणि पोलीस मैदानात एकत्र उतरले. क्रिकेटने इन्साफ मिळत नाही. पण ज्या हवालदाराला तुम्ही नावाने ओळखता, त्याला रात्री फोन करून "कोपऱ्यावर गर्दी जमतेय, लगेच या" असं सांगता येतं. आणि ज्या पोराला हवालदार नावाने ओळखतो, त्याला नुसत्या दाढी-टोपीवरून उचलणं त्याला जड जातं. अफवा पसरायला लागतात पाच मिनिटं, आणि ती मोडण्याचं काम अशी ओळखच करू शकते.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे एक साधा नियम असतो: जी सिस्टीम एका माणसाच्या हुशारीवर चालते, ती सिस्टीम नव्हे. तो माणूस रजेवर गेला की सर्व्हर बसणार. म्हणून कुणीही कामावर असलं तरी चालेल, अशी रचना करावी लागते. चूक झाली की ती नोंदली जाते आणि कुठे झाली ते शोधता येतं. मोहल्ला कमिट्यांची कमजोर बाजू हीच आहे. त्या चांगल्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभ्या राहिल्या आणि जिथे उत्साह ओसरला तिथे कागदावर उरल्या. आज अनेक ठाण्यांत जी शांतता कमिटी असते, ती गणपतीच्या आणि ईदच्या आधी एकदा भरते. तीच चार-पाच वयस्क मंडळी, तोच शाल-श्रीफळाचा सत्कार, तोच चहा, तोच ग्रुप फोटो. त्या फोटोत पंचविशीतला कुणी दिसतो का? एखादी बाई दिसते का?

चांगल्या अधिकाऱ्याची वाट पाहत बसू नये म्हणूनच कायद्यातली रचना महत्त्वाची. माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. अधिकाऱ्यांना किमान निश्चित कार्यकाळ, बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ, तपास आणि बंदोबस्त ही कामं वेगळी करणं आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, हे त्यातले प्रमुख. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली. आपल्यापैकी किती जणांना हे प्राधिकरण अस्तित्वात आहे हे ठाऊक आहे? अन्यायाची क्लिप आपण शंभर ग्रुपवर टाकतो, पण जिथे तिची नोंद होऊ शकते तिथे एक पानाचा अर्ज जात नाही.

रिबेरो लिहीत राहिले. मार्च २०१५ मध्ये चर्चवरील हल्ल्यांच्या आणि 'घरवापसी'च्या वातावरणात त्यांनी लिहिलं की, एक ख्रिस्ती म्हणून आपल्याच देशात आपण अचानक परके झाल्यासारखं त्यांना वाटतंय. देशासाठी दोनदा गोळ्या झेललेल्या पद्मभूषण माणसाला ८५ व्या वर्षी हे लिहावंसं वाटलं. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी दिल्लीच्या पोलीस आयुक्तांना पत्र लिहून त्या वर्षी फेब्रुवारीत झालेल्या दंगलीच्या तपासाबद्दल जाब विचारला: शांततेने आंदोलन करणाऱ्यांवर कारवाई होते, मग द्वेषाची भाषणं करणाऱ्यांवर का नाही? आयुक्तांना उत्तर द्यावं लागलं.

यावर आपल्यातले काही म्हणतील, "निवृत्तीनंतर बोलणं सोपं असतं. खुर्चीत असताना हे का सुचत नाही?" प्रश्न रास्त आहे. पण निवृत्तीनंतर बहुतेक जण गप्पच बसतात, महामंडळं घेतात नाहीतर निवडणुका लढवतात, हेही आपण पाहतो. आणि दुसरं म्हणजे, खुर्चीतल्या माणसाने आपल्या बाजूने बोलावं अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे पुन्हा तोच जुना प्रश्न विचारणं: हे साहेब आपले आहेत का? आयुक्त ना आपला असावा ना परका. तो कायद्याचा असावा. तो कायद्याने चालतो की नाही, हे पाहणारे डोळे मात्र आपले असावेत.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. चारही याच महिन्यात करता येण्यासारख्या आहेत.

पहिली: आपलं पोलीस ठाणं कोणतं, वरिष्ठ निरीक्षक कोण, आपल्या बीटचा हवालदार कोण, हे माहीत करून घ्या. पासपोर्टच्या पडताळणीशिवाय किंवा संकट आल्याशिवाय ठाण्याची पायरी न चढणं हा शहाणपणा वाटतो, पण अडचणीच्या रात्री तोच महागात पडतो. शांतता कमिटीत तरुणांना आणि बायकांना जागा द्या, असा लेखी अर्ज करा. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आल्या, तेव्हा मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिमांनी जुलूस एक दिवस पुढे नेला. असे निर्णय बोलाचालीतून होतात. तिथे बसलेल्यांत आपली पिढीही हवी.

दुसरी: कायदा वाचा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलं. अटकेच्या वेळी काय पाळायचं, घरच्यांना कळवणं, अटकेचा पंचनामा, वैद्यकीय तपासणी, हे १९९६ च्या डी. के. बसू निकालात आहे. ठाण्यांत सीसीटीव्ही असावेत हा आदेश २०२० चा आहे. या तीन गोष्टी प्रत्येक मोहल्ल्यातल्या चार पोरांना आणि चार पोरींना पाठ असल्या पाहिजेत.

तिसरी: भरतीला उतरा. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात भारतीय पोलीस सेवेत मुस्लिमांचं प्रमाण ४ टक्के होतं. महाराष्ट्रात शिपाई भरतीसाठी बारावी पुरते. मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर धावणं, आणि १०० गुणांचा लेखी पेपर, तोही मराठीत. मराठी आपल्या घरातली भाषा आहे. कोकणात, मराठवाड्यात, सोलापूर-कोल्हापुरात आपल्या आजीची अंगाईही मराठीच होती. "आपल्याला कुठे घेतात?" असं म्हणून अर्ज न भरणाऱ्याला नाकारण्याचीही कुणाला गरज पडत नाही. पण वर्दी अंगावर आली की ती सगळ्यांची असते, हे आधी मनाशी ठरवून मगच जा.

चौथी: तक्रार लेखी करा आणि तिची पोच घ्या. तारीख, वेळ, ठाणं, बिल्ल्यावरचं नाव नोंदवा. उत्तर आलं नाही तर वर जा, प्राधिकरणाकडे जा. एका तक्रारीने काही हलणार नाही. पण एका ठाण्याच्या पन्नास तक्रारी फाइलला लागल्या, तर साहेब कुणीही असोत, ती फाइल पुढच्या साहेबाच्या टेबलावरही राहते.

रिबेरो मुंबईचे आयुक्त होते साधारण तीन वर्षं. वर्दी उतरवल्यानंतर सामान्य नागरिक म्हणून मोहल्ल्यात जाऊन त्यांनी जे केलं, त्याला ना आयुक्तपद लागलं ना पदक. ते तुम्हालाही करता येतं. पुढचा आयुक्त कुणीही येवो. तुमच्या गल्लीच्या तोंडाची चौकी तिथेच असणार आहे, आणि तुम्हीही.